नवसाचा फुलमासा

मासा बोलत नाही असं तुम्हाला शिकवलं असेल. खरं आहे. तोंड उघडलं की आमचा घात होतो, म्हणून आम्ही ते मिटून ठेवतो. पण आता माझे दात झिजले आहेत, जबडा वाकडा झाला आहे आणि मला गळाला लावण्यात कुणालाच राम वाटत नाही. तेव्हा बसा, मित्रांनो, या खडकावर. फक्त पाय पाण्यात सोडू नका. ही गुंट नदी आहे. बर्फातून उठते आणि तशीच, तोंडसुद्धा न धुता, खाली धावत सुटते. माझ्या लहानपणी ती इतकी गार असायची की एका काठावरून मारलेली हाक मध्येच गोठायची आणि वसंतात वितळल्यावर दुसऱ्या काठाला ऐकू यायची. रोवंद गावातली दोन लग्नं त्यामुळे मोडली.

मी ट्राउट आहे. पामीरच्या डोंगरातला, इथल्याच पाण्यातला. गावकरी मला गुलमोही म्हणतात. गुल म्हणजे फूल आणि मोही म्हणजे मासा. तुम्ही फुलमासा म्हणा, मला चालेल. थंडी पडू लागली की आमच्या आया उथळ ओढ्यात शिरतात, शेपटीने खडे उकरून खळगा करतात, त्यात अंडी घालतात, वर पुन्हा खडे लोटतात आणि मागे वळून न बघता निघून जातात. माणसांना हे निर्दयपणाचं वाटतं. आधी सगळं ऐकून घ्या, मग ठरवा.

आता आमची ओळख पटवून देतो. कारण नदीत जो उठतो तो स्वतःला ट्राउट म्हणवतो. खऱ्या फुलमाशाचं अंग लोणकढ्या तुपासारखं पिवळं असतं. त्यावर काळे ठिपके, आणि मधूनमधून लाल. प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं असतं, कुणी कुंकू लावून भोवती चंदनाची रेघ ओढावी तसं. शेपूट कोरी. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक छोटासा मांसल पर असतो. तो कशाला आहे हे आम्हालाही ठाऊक नाही, पण त्याची कड लाल असते आणि आम्हाला तिचा अभिमान आहे.

दुसरा तो पट्टेवाला. हा तळ्यांत पाळण्यासाठी बाहेरून आणलेला. गालापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा आणि अंगभर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके, शेपटीवरसुद्धा. लाल ठिपका औषधालाही सापडायचा नाही. खायला मिळालं की हा कुणाचा नसतो.

तिसरा शीरमोही. याला ओठाशी मिशा असतात आणि हा ट्राउट नाहीच, पण तोरा ट्राउटचा. याच्या पोटात काळं अस्तर असतं. ते खरवडून न टाकता ज्याने हा खाल्ला, त्याला त्या दिवशी घर आणि संडास यांमधलं अंतर नीट पाठ होतं.

माझी तरुणपणची वर्षं नदीत गेली. एका मोठ्या दगडामागे माझी जागा होती. तिथे उभं राहायचं, म्हणजे नुसतं उभं राहायचं. पाणी येत राहतं, जात राहतं, जे खाण्यासारखं आहे ते तोंडासमोर येतं. एकदा एक गाढव पुरात सापडलं, मी त्याची शेपूट दातांत धरून त्याला काठाला लावलं. गाढव पुढे सगळ्यांना सांगत सुटलं की आपण पोहत आलो. कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही बघा.

आमच्या पाण्यावर एक माणूस यायचा, ओदिनामामद त्याचं नाव. उंच, वाकलेला आणि बायकोच्या धाकातला. पण गळ टाकण्यात त्याचा हात कुणी धरू नये. वाळुंजाची काठी, घोड्याच्या शेपटीच्या केसांची पिळलेली दोरी. तीही घोड्याच्याच शेपटीची. घोडीची नाही, कारण घोडीचे केस तिच्याच मुताने कुजके होतात. उन्हाळ्यात हिमनद्या वितळून पाणी राखाडी झालं की तो गांडूळ लावायचा. गवत कापणीच्या दिवसांत नाकतोडा. शरदात पाणी निळं, नितळ झालं की तो पोटावर सरपटत काठाशी यायचा, कारण नितळ पाण्यात आम्हाला माणसाची सावलीच काय, त्याच्या मनातला विचारही दिसतो. मिशाळ शीरमोही गळाला लागला की तो त्याला म्हणायचा, "तू कशाला आलास, तुला बोलावलं कुणी?" आणि परत सोडायचा.

मग एक वाईट हिवाळा आला. खाली मुलखात लढाई सुरू होती. रस्ते बंद झाले, पीठ येईना, लोक तुतीची वाळकी फळं कुटून खात होते. ओदिनामामदची बायको सवसन अवघडलेली होती. तिची आधीची बाळं हाती लागली नव्हती. एकही नाही. तिने गावच्या पवित्र झऱ्यापाशी जाऊन नवस केला की हे मूल जगलं तर त्या दिवसाचा पहिला मासा मी झऱ्याला जिवंत वाहीन. मुलगी झाली, आणि रडली, आणि सकाळी जिवंत होती. सवसनने नवऱ्याला नदीवर पिटाळलं.

ते थंडीचे दिवस. नाकतोड्याचं त्या दिवसांत नाव नको. पण ओदिनामामदने एक वाळलेला नाकतोडा काडेपेटीत जपून ठेवला होता. मी तो पाहिला आणि माझी अक्कल गहाण पडली. इतक्या थंडीत नाकतोडा, मी मनात म्हटलं, म्हणजे देवानेच पाठवला. दुसऱ्या क्षणी मी बर्फावर होतो.

आता ऐका. घरात खायला दाणा नव्हता, बाळंतीण उपाशी होती, आणि हा माणूस हातात एवढा भरलेला मासा धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या पोटातली गुरगुर ऐकली. मग त्याने पायातला रबरी बूट काढला, त्यात पाणी भरलं, मला डोक्यावर उभं करून त्यात घातलं आणि एका पायाने अनवाणी, बर्फातून उड्या मारत टेकडी चढला. त्या बुटाच्या वासाबद्दल मी बोलणार नाही. पण त्या माणसाबद्दल वाईट शब्द मी आजवर काढला नाही, तो यामुळेच.

अशा रीतीने मी पवित्र झालो.

मित्रांनो, पवित्र होणं म्हणजे काय, ते सांगतो. गोल दगडांनी बांधलेलं एक कुंड. तळाशी पांढरे शुभ्र गारगोटे. वर जंगली गुलाबाचं झुडूप. एका बाजूने झरा आत येतो, दुसऱ्या बाजूला चिरा पाडलेली शिळा उभी आहे, तिच्यातून पाणी बाहेर जातं आणि खाली नदीला मिळतं. चिरेतून पाणी जातं, मासा जात नाही. नदीत मी उभा असायचो आणि पाणी फिरायचं. इथे पाणी उभं होतं आणि मी फिरत होतो. डाव्या हाताने गोल, पुन्हा डाव्या हाताने गोल. हळूहळू माझं अंगच तसं वाकलं. शिळेला कल्ला लावून थांबलो की खाली नदी ऐकू यायची. दिसायची नाही. आम्हाला पापण्या नसतात, डोळे मिटता येत नाहीत, पण कानाचं काय करायचं ते तर कुणालाच माहीत नाही.

मला कुणी दुखवत नव्हतं. झऱ्याचा कायदा कडक होता. पाण्यात लोखंड जायचं नाही, जाळं जायचं नाही, मूठ वळलेला हात जायचा नाही. लोक यायचे, कपाळ दगडाला टेकवायचे, भाकरीचे तुकडे टाकायचे. माझ्याबरोबर आणखी काही फुलमासे होते, कुणाच्या आजारपणाचे, कुणाच्या प्रवासाचे. आम्हाला बघून माणसांचे डोळे भरून यायचे. आमच्या डोळ्यांत पाणी आहे की नाही, हे पाण्यात कुणाला कळणार?

दर गुरुवारी संध्याकाळच्या आधी सवसन यायची. भाकरी टाकायची आणि मला न्याहाळायची. गावात समजूत अशी की नवसाचा मासा जोवर झऱ्यात फिरतो तोवर नवसाचं मूल सुखरूप. आणि त्या मुलाने दर गुरुवारी त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं. त्यामुळे सवसन पोरीला कडेवर घेऊन यायची, ओंजळीने पाणी पाजायची. पोरगी माझ्यावर थुंकायची. मोठी झाल्यावर तिने ते बंद केलं आणि ती माझ्याशी बोलू लागली. बुनफ्शा तिचं नाव.

बुनफ्शा बापाच्या मागे नदीवर जायला शिकली आणि बापाच्या पुढे गेली. मासा पाण्याबाहेर यायच्या आधी, दोरीच्या थरथरीवरून ती सांगायची कोण आहे ते. फुलमासा खाली ओढतो, दगडाकडे. पट्टेवाला वर उडी मारतो, तमाशा करतो. शीरमोही ओल्या पोत्यासारखा येतो. ओदिनामामद कौतुकाने म्हणायचा की ही पोरगी माझ्या बायकोला बाजारात ओळखत नाही, पण मासा अंधारात ओळखेल. सवसन म्हणायची की मग तिचं लग्न माशाशीच लावून टाका.

मात्र बुनफ्शा कधी गावाबाहेर मुक्कामाला राहिली नाही. गुरुवारच्या आत परत यायचं, आणि आईला तर एक रात्रही सोसायची नाही. मैत्रिणी खोरोगला शिकायला गेल्या, कुणी दुशान्बेला, कुणी लग्न करून दुसऱ्या खोऱ्यात. ही शिळेपाशी बसून पाय हलवत राहायची. एकदा मला म्हणाली, "तू तरी मासा आहेस. माझं काय?" मी तिला कल्ले हलवून उत्तर दिलं. तिला ते कळलं असं मी धरून चालतो.

पट्टेवाले झऱ्यात कसे आले तेही सांगायला हवं. गावातल्या एका घरचा मुलगा मॉस्कोला कामाला गेला होता. तो सुखरूप परत यावा म्हणून त्या घराने नवस केला आणि पाळीव माशांच्या तळ्यावरून बादल्या भरभरून पट्टेवाले आणून झऱ्यात ओतले. मनात पाप नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता: एका माशाने एक मूल जगतं, तर एवढ्या माशांनी मुलगा राजा होऊन येईल. मुलगा आला, सोन्याचा दात बसवून. पण पट्टेवाले राहिले. भाकरी पाण्याला लागायच्या आधी ते ती हवेत झेलायचे. बाकीचे फुलमासे उपासाने आणि धक्काबुक्कीने एकेक करून गेले. कोण गेलं, कोण उरलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वरून बघणाऱ्याला कुंड भरलेलंच दिसत होतं. झऱ्याचा कायदाच आड येत होता. जाळं नाही, लोखंड नाही, मूठ नाही. मग बाहेर काढणार कसं?

माझंही रूप गेलं होतं. पांढऱ्या गारगोट्यांवर, उघड्या उन्हात इतकी वर्षं राहून माझं पिवळं अंग राखाडी पडलं. लाल ठिपके पुसट झाले, मग नाहीसे झाले. पराची कड विटली. शिवाय बाजूला म्हातारपणाची गुलाबी झाक आली. पट्टेवाल्यांच्या घोळक्यात मी पट्टेवालाच दिसत होतो. भाविक आता माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या पठारावरून एक बाई रोवंदला आल्या. तिकडे वर, तळ्याकाठी मत्स्यबीज केंद्र सुरू होत होतं. खऱ्या फुलमाशांची अंडी उबवून पिल्लं नद्यांत सोडायची, आणि त्यात पट्टेवाले मिसळू द्यायचे नाहीत, असं काम. बाईंनी बुनफ्शाला बापाची मासळी निवडताना पाहिलं आणि तिथल्या तिथे विचारलं की येतेस का. शुक्रवारी सकाळी ट्रक वर जाणार होता. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की मग वसंतापर्यंत काही नाही, आणि तोवर दुसरं कुणीतरी घेतलेलं असणार.

सवसनने ऐकून घेतलं आणि पीठ मळत राहिली. नाही म्हणाली नाही, म्हणाली ते एवढंच की तिथे झऱ्याचं पाणी नाही. ओदिनामामदने सुचवलं की पाणी डब्यात भरून देता येईल. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून शेळ्या मोजायला गेला. शेळी त्यांच्याकडे एकच होती.

हे सगळं मला बुनफ्शाने सांगितलं, शिळेपाशी बसून. रडली नाही. नुसती गारगोट्या उचलून पाण्यात टाकत होती, माझ्या डोक्यावर.

झऱ्याची देखभाल खलीफा करायचे. खलीफा म्हणजे गावातले धर्माचे वडीलधारे. पांढरी दाढी, मिठाच्या दुधाळ चहाचे भोक्ते. पट्टेवाल्यांची चिंता त्यांनाही होती. बुनफ्शा त्यांच्याकडे गेली आणि तिने विचारलं की लोखंड नको, जाळं नको, मूठ नको, पण मासा जर आपणहूनच वर आला तर? खलीफांनी चहाचा वाडगा संपवला, दुसरा संपवला. मग निवाडा दिला की जो आपणहून आला तो पाहुणा, आणि पाहुण्याला जायची मुभा असते. पट्टेवाल्यांचा नवस तर केव्हाच फिटला होता, मुलगा घरी येऊन दात चमकवत फिरत होता. तेव्हा वर आलेला पट्टेवाला तळून खायला हरकत नाही. खलीफांना तळलेला मासा आवडतो, हे त्यांनी निवाडा देताना लपवलं नाही.

आला तो गुरुवार. दुपारी सगळं गाव झऱ्यावर लोटलं. एका बाजूला चूल पेटली, कढईत जवसाचं तेल तापू लागलं. बुनफ्शाने आपल्या पायातला लाल लोकरीचा मोजा उसवला, त्या लोकरीचा घट्ट गोंडा करून बापाच्या दोरीला बांधला. आकडा नाही, काटा नाही, नुसती लोकर. काठीने तो गोंडा तिने पाण्यावर असा नाचवला की मलासुद्धा तो किडा वाटला.

पट्टेवाले तुटून पडले. बकरी सदऱ्याचं टोक धरते तसे लोकर धरायचे. लोकर दातांत अडकायची, पण ती थुंकून टाकण्याऐवजी हे अधाशी घट्ट धरून ठेवायचे आणि तसेच वर जायचे. धपकन गवतावर. लोक हसत होते. तेल चुरचुरत होतं. प्रत्येक वर गेलेल्या माशाबरोबर कुंड मोकळं होत होतं, आणि मी झुडपाच्या सावलीत, तळाशी बसून बघत होतो. बघता बघता मी एकटा उरलो.

तेव्हा बुनफ्शा थांबली. काठी आडवी धरून तिने सगळ्यांसमोर विचारलं, "खलीफा, फुलमासा आपणहून आला तर?"

हसणं थांबलं. सवसन भाकरी घेऊन पायरीवर उभी होती.

खलीफांनी दाढीवरून हात फिरवला. "तर झऱ्याने नवस परत केला. मासा नदीचा, आणि पोर जिथे जाईल तिथलं पाणी तिचं."

"मग मी टाकते."

"थांब. आता कुंडात जो उरलाय तो पट्टेवाला आहे की तुझा, हे मला सांगता यायचं नाही. माझे डोळे गेलेत, आणि त्याचं रूप. नवस तुझ्या आईने बोलला. ओळखायचंही तिनेच. ती म्हणेल परका, तर कढई, आणि नवस आहे तसाच. ती म्हणेल आपला, तर नदी."

सवसनचा चेहरा मी खालून बघत आलोय. तो सैल पडला. तिला ठाऊक होतं, मी इतक्या वर्षांत कशावरही झडप घातली नव्हती. आणि घातलीच, तर शब्द तिच्याच हातात होता.

आता माझी गत बघा, मित्रांनो. आमच्या जातीचं सगळं शहाणपण एवढंच: तोंड बंद ठेव. एकदा उघडलं आणि नदी गेली. आता पुन्हा उघडलं तर आगीतून फुफाट्यात. अंगावर एक लाल ठिपका नाही, परावर कड नाही. ज्या बाईचं सगळं सुख माझ्या इथे राहण्यात होतं, तिच्याच तोंडून माझा न्याय व्हायचा. नाही उघडलं, तर भाकरी आहे, सावली आहे, कुणी दुखवणार नाही. डाव्या हाताने गोल, मरेपर्यंत.

गोंडा माझ्यासमोर आला. बुनफ्शाने तो नाचवला नाही. किड्यासारखा नाही, कशासारखाच नाही. नुसता समोर धरला, एखाद्याला हात द्यावा तसा. शिळेच्या चिरेतून नदी ऐकू येत होती.

मी तोंड उघडलं, लोकर धरली आणि जबडा मिटला.

वर जाताना दोरी कुरकुरली. माझं वजन त्या दिवशी दोन मेंढ्यांएवढं होतं. ज्यांना पटत नाही त्यांनी ओदिनामामदला विचारावं. मला सोडता आलं असतं. लोकरच ती, काय अडकणार? प्रत्येक वितीला मी नव्याने ठरवत होतो की सोडायचं नाही.

मी गवतावर पडलो. हवा कल्ल्यांना आगीसारखी लागली. भोवती पाय जमले. कुणीतरी म्हणालं, हा पट्टेवालाच, बघा ना बाजूला गुलाबी. दुसऱ्याने पाठीवरचा पर चिमटीत धरला आणि म्हणाला, कड लाल नाही. कढईपाशी बसलेल्या बाईने झारा उचलून तयार ठेवला. ओदिनामामद बायकोकडे बघत होता. बुनफ्शा बघत नव्हती. तिने काठी खाली ठेवली होती आणि एक पाय अनवाणी होता.

सवसन खाली बसली. तिने आधी हात झऱ्यात बुडवून ओले केले. मग मला दोन्ही हातांनी उचललं, पोटाखालून, दाबलं नाही. बराच वेळ धरून राहिली. मला वाटतं तो बराच वेळ होता. मला श्वास नव्हता.

"लाल ठिपके गेलेत," ती म्हणाली. "उन्हात, पांढऱ्या दगडांवर डांबून ठेवलं तर कुणाचेही जातील."

कढईपाशीच्या बाईने झारा खाली घेतला.

"भाकरी टाकली की बाकीचे भाकरीकडे बघतात. हा आधी माझ्याकडे बघतो." सवसनने मान वर करून खलीफांकडे पाहिलं. "आपलाच आहे हा. बुनफ्शाचा."

मग ती उठली. डोक्यावरचा रुमाल पाण्यात भिजवून त्यात मला गुंडाळलं आणि टेकडी उतरून धावत सुटली. त्या वयात, घागरा सावरत. मागे सगळं गाव. मला धक्के बसत होते आणि प्रत्येक धक्क्याला नदीचा आवाज मोठा होत होता.

नदीत गुडघाभर शिरून तिने मला पाण्यात धरलं. सोडलं नाही. कुणीतरी काठावरून ओरडलं, आता टाक ना. तिने टाकलं नाही. माझं तोंड प्रवाहाकडे वळवलं आणि हात खाली तसाच ठेवला. बरं झालं. इतकी वर्षं गोल फिरून माझी शेपूट सरळ चालणं विसरली होती. त्या क्षणी सोडलं असतं तर प्रवाहाने मला उलटंपालटं करून खडकावर आपटलं असतं. पाणी तोंडातून आत आलं, कल्ल्यांतून बाहेर गेलं. एकदा. पुन्हा. तिचे हात गारठून निळे पडले. बुनफ्शा येऊन तिच्या शेजारी पाण्यात उभी राहिली.

मग माझ्या शेपटीत काहीतरी आठवल्यासारखं झालं. मी एक झटका दिला. सवसनचे हात उघडलेलेच होते.

शुक्रवारी सकाळी ट्रक पुलावरून गेला. मी पुलाखालच्या दगडामागे होतो, त्याची धडधड माझ्या हाडांत उतरली. बुनफ्शा त्यात होती. ते पुढे मला कळलंच, कारण हल्ली वरून एवढी एवढी पिल्लं येतात, लाल ठिपक्यांची, आगाऊ, आणि त्यांतलं प्रत्येक पिल्लू सांगतं की त्याला हातात धरणारी मुलगी सगळ्या माशांना नावाने ओळखते. मी त्यांना सांगतो की मी तिला लोकरीवरून ओळखतो. माझे स्वतःचे ठिपके परत आलेत असं म्हणतात. मला अंग वळवून बघता येत नाही, तेव्हा मानून चालतो.

तर मित्रांनो, गाढवाचं खोटं माना, गोठलेल्या हाकेचं खोटं माना, माझ्या वजनाचंही खोटं माना. एवढं एक खरं माना. मासा धरणार असाल तर धरा, पोटं सगळ्यांनाच आहेत. पण ज्याला सोडायचं आहे त्याला कोरड्या हाताने धरू नका, आमची कातडी सोलते. हात आधी ओले करा. आणि सोडताना दुरून फेकू नका. तोंड प्रवाहाकडे करा, हात खाली ठेवा आणि वाट बघा. हात गारठतील. तरी थांबा. त्याच्यात दम आला की तो स्वतःच निघेल, आणि तेव्हा बोटं मिटू नका.